जीनोटाइप ३ए: माझ्या तपासण्यांची हकिगत

कराडजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी तंत्रज्ञ आहे. डीएमएलटी, म्हणजे लॅब तंत्रज्ञाचा डिप्लोमा, झाल्यापासून हेच काम करते. ऑपरेशनच्या आधी पेशंटच्या ज्या ठरलेल्या तपासण्या होतात, त्यांत एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बीच्या बरोबरीने हिपॅटायटिस सीचंही कार्ड लावावं लागतं. हिपॅटायटिस सी म्हणजे लिव्हर खराब करणारा विषाणूचा आजार. ते मी कित्येकदा लावलं आहे. २०१६ च्या ऑगस्टमध्ये माझ्या गर्भाशयातल्या गाठीचं ऑपरेशन ठरलं, म्हणून माझंच रक्त तपासायला घेतलं. कार्डावर दोन रेघा आल्या, म्हणजे पॉझिटिव्ह. दुसऱ्या कंपनीचं कार्ड लावलं, तरी दोन. एलायझासाठी नमुना बाहेर पाठवला. तोही पॉझिटिव्ह आला.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. १९९७ मध्ये थोरल्या लेकीच्या वेळी सिझेरियन झालं, रक्तस्राव थांबेना, आणि मला रक्त चढवावं लागलं. हिपॅटायटिस सीचा विषाणू ओळखला गेला तो १९८९ मध्ये. त्याआधी डॉक्टर नुसतं ‘ए नाही, बी नाही’ अशी कावीळ म्हणायचे. आपल्याकडे रक्तपेढ्यांत प्रत्येक पिशवीची या विषाणूसाठी तपासणी सक्तीची झाली ती २००१-०२ च्या सुमारास. मधल्या वर्षांत ज्यांना रक्त चढलं, त्यांतली मी एक. त्या रक्ताने मी वाचले, हेही तितकंच खरं आहे. म्हणून त्या पिशव्यांबद्दल माझ्या मनात कधी राग आला नाही. पण ज्यांना त्या काळात रक्त चढलं आहे, त्यांनी एकदा तरी ही तपासणी करून घ्यावी असं मला फार वाटतं. हा आजार वीस-वीस वर्षं आवाज करत नाही. मला कावीळ कधी झाली नव्हती. थकवा यायचा, पण तो मी रक्त कमी असण्याच्या खात्यावर टाकला होता.

कार्ड किंवा एलायझा पॉझिटिव्ह येणं म्हणजे आजार आत्ता अंगात आहेच असं नाही. या तपासण्या विषाणू शोधत नाहीत, विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं शोधतात. लागण झालेल्या शंभरातल्या पंधरा ते पंचेचाळीस जणांच्या शरीरातून विषाणू पहिल्या सहा महिन्यांत आपोआप निघून जातो, तरी प्रतिपिंडं राहतात. म्हणून पुढची तपासणी आरएनएची. आरएनए म्हणजे विषाणूचं जनुकीय द्रव्य. ते पीसीआर या तपासणीने शोधून रक्तातला विषाणू मोजायचा. लोक तिला व्हायरल लोड म्हणतात. माझा आला एकवीस लाख आययू प्रति मिली. घरात सगळे त्या ‘लाख’ शब्दाने हादरले. आमचे हे कागदावरच्या आकड्यावर पुन्हा पुन्हा बोट ठेवून वाचत होते. मी त्यांना सांगितलं की या आजारात आकडा मोठा म्हणजे लिव्हर जास्त खराब, असं गणित नसतं. आकड्याचा उपयोग दोनच गोष्टींसाठी: विषाणू आत्ता आहे हे कळण्यासाठी, आणि औषधानंतर तो गेला की नाही हे ताडून बघण्यासाठी. मला माहीत होतं, सांगता येत होतं, तरी त्या रात्री झोप आली नाही.

माझी खरी धास्ती धाकट्याची होती. त्याचा जन्म २००१ चा, म्हणजे मला लागण झाल्यानंतरचा. अशा आईकडून बाळाला विषाणू जाण्याची शक्यता शंभरात पाच-सहा असते. थोरलीचा प्रश्न नव्हता, कारण रक्त चढलं ते ती जन्मल्यावर. तरी दोघांचीही तपासणी केली, ह्यांचीही केली. तिघांचे नमुने मी स्वतः लावले नाहीत, आमच्या सरांना लावायला सांगितले आणि बाहेर रिसेप्शनच्या बाकावर बसून राहिले. तिन्ही निगेटिव्ह आले. त्यानंतर मला जेवण गेलं.

सर्जन म्हणाले, गाठीची घाई नाही, आधी लिव्हरचं बघा. त्यांनी पोटविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. डॉक्टर शांत, मोजकं बोलणारे. फाईल चाळून त्यांनी पहिलं वाक्य बोललं ते असं: “ताई, औषध आहे आणि ते चांगलं आहे. पण कुठलं द्यायचं हे ठरवायला जीनोटाइप लागेल.”

जीनोटाइप म्हणजे काय, हे ह्यांना समजावणं माझ्या वाट्याला आलं. आमच्याकडे ऊस आहे. मी म्हटलं, शेतात सगळा ऊसच दिसतो, पण ८६०३२ वेगळा आणि २६५ वेगळा, तसा हा विषाणूही एक दिसला तरी त्याचे वाण आहेत. त्यांना लगेच पटलं. त्यांनी विचारलं, “मग आपल्या भागात कुठला वाण जास्त?” प्रश्न अगदी नेमका होता. तेव्हा सहा मुख्य जीनोटाइप ठळकपणे माहीत होते, सातवा क्वचित सापडलेला. आपल्या देशात जास्त आढळतो तो ३, त्याखालोखाल १. इजिप्तमध्ये ४ जास्त, दक्षिण आफ्रिकेत ५, आणि ६ आग्नेय आशियाकडचा, तो आपल्या ईशान्येकडच्या राज्यांतही दिसतो. पुढे २०१८ मध्ये आठवाही नोंदवला गेला, आणि तो सापडला कॅनडात राहणाऱ्या मूळच्या पंजाबी रुग्णांमध्ये. या विषाणूचा सगळा आरएनए जेमतेम ९,६०० न्यूक्लिओटाइडचा, म्हणजे तेवढ्या रासायनिक अक्षरांचा. दोन जीनोटाइपमध्ये त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा वेगळा असतो. एवढा फरक असल्यावर एकाला लागू पडणारं औषध दुसऱ्याला तितकंच लागू पडेल असं कसं धरायचं?

घरात मात्र घाई होती. जाऊबाईंच्या माहेरच्या एका माणसाला हाच आजार होता. त्याने रोज एक गोळी, तीन महिने, अशी औषधं घेतली होती आणि तो बरा झाला होता. सोफोस्बुविर आणि लेडिपास्विर एकत्र असलेली गोळी. जाऊबाईंनी गोळीच्या खोक्याचा फोटो मागवून घेतला. “एवढं सरळ आहे, मग तुम्ही तीच का सुरू करत नाही? तपासणीत आणखी पैसे आणि दिवस घालवायचे कशाला?” त्यांचा जीव तुटत होता, म्हणून त्या बोलत होत्या. ह्यांनाही ते पटायला लागलं होतं. मी डॉक्टरांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, “लेडिपास्विर एकला चांगलं, चारलाही चालतं. तीनवर त्याचा भरवसा नाही. आणि आपल्याकडे तीनच जास्त. त्या माणसाचा एक असेल. तुमचा काय आहे हे कळल्याशिवाय मी लिहून देणार नाही.” त्या एका फोनने मला जीनोटाइपचा खरा अर्थ कळला. आजार किती वाढला आहे, हे तो रिपोर्ट सांगत नाही. कुठलं औषध घ्यायचं, तेवढंच सांगतो. पण ते चुकलं, तर बाकी सगळं बरोबर असूनही उपयोग नाही.

इथे जरा मागचं सांगते, कारण त्याशिवाय २०१६ ची स्थिती कळणार नाही. या गोळ्या येण्याआधी इंटरफेरॉनची इंजेक्शनं आणि रिबाविरिनच्या गोळ्या होत्या. आमच्या लॅबमध्ये तेव्हा एक गृहस्थ नियमाने रक्त तपासायला यायचे. दर खेपेला हिमोग्लोबिन खाली, प्लेटलेट खाली, पांढऱ्या पेशी खाली. ताप, अंगदुखी, केस गळणं, चिडचिड. त्या काळी जीनोटाइप सांगायचा तो मुख्यतः कालावधी: १ आणि ४ ला ४८ आठवडे, २ आणि ३ ला २४. म्हणजे ३ आला तर लोक सुटकेचा निःश्वास टाकायचे. सोफोस्बुविरला अमेरिकेत डिसेंबर २०१३ मध्ये मान्यता मिळाली आणि चित्र उलटं झालं. थेट विषाणूवर काम करणाऱ्या नव्या गोळ्यांना १ पटापट दाद द्यायला लागला आणि ३ हाच जरा हट्टी ठरला, खास करून सिरॉसिस झालेल्यांमध्ये, म्हणजे ज्यांचं लिव्हर खराब होऊन कडक झालं आहे त्यांच्यात. अमेरिकेत सोफोस्बुविरची एक गोळी हजार डॉलरला होती. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये मूळ कंपनीने भारतीय कंपन्यांना परवाने दिले, आणि २०१५ पासून आपल्याकडे तेच औषध त्या किमतीच्या अगदी थोड्या अंशात मिळू लागलं. हे झालं नसतं तर माझ्यासारखीला उपचार परवडलेच नसते. तरीही आम्हाला ऊसबिलाचे पैसे यातच घालावे लागले.

जीनोटाइपसाठी रक्त घेतलं जांभळ्या बुचाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये. इथे घाई असते ती वेगळ्या कारणाने. आरएनए फार नाजूक. रक्तातच त्याला तोडणारी विकरं असतात, म्हणून काही तासांच्या आत सेंट्रिफ्यूज फिरवून प्लाझ्मा वेगळा करायचा, निर्जंतुक बंद नळीत भरायचा आणि गोठवायचा. आमच्या लॅबमध्ये ते सगळं नीट झालं, मी समोर उभी होते. पण डबा पुढे गेला तो गणपतीच्या सुट्ट्यांत. वाटेत कुठेतरी अडकला. आतल्या बर्फाच्या पिशव्या विरघळल्या होत्या, नमुना कोमट होता. मोठ्या प्रयोगशाळेने तपासणी न करताच कळवलं: नमुना अयोग्य, पुन्हा पाठवा.

मला त्या वेळी रडू आलं, आणि नंतर त्याच निर्णयाबद्दल आदरही वाटला. खराब झालेल्या नमुन्यातून पुसट काहीतरी उमटलं असतं आणि त्यावरून कोणी अंदाजाने आकडा लिहिला असता, तर माझं औषध त्या अंदाजावर ठरलं असतं. नमुना नाकारणं हेही प्रयोगशाळेचं काम आहे. पेशंटला ते समजावून सांगणारं कोणी नसतं, म्हणून लोक चिडतात. तेव्हापासून नमुना परत आला की मी पेशंटला कारण सविस्तर सांगते.

दुसऱ्यांदा कुरियरवर सोडायचं नाही असं ठरवलं आणि पहाटेच्या एसटीने पुण्याला जाऊन तिथेच रक्त दिलं. त्या प्रयोगशाळेच्या मॉलिक्युलर विभागात माझी वर्गमैत्रीण काम करते. तिने परवानगी घेऊन मला आत काय चालतं ते काचेच्या पलीकडून दाखवलं. आमच्या लॅबचं सगळं काम एका खोलीत चालतं. तिथे प्रत्येक टप्प्याला वेगळी खोली. एकीकडे रसायनं मिसळायची, दुसरीकडे नमुन्यातून आरएनए काढायचा, तिसरीकडे त्याच्या प्रती वाढवायच्या. एका खोलीतला कोट दुसऱ्या खोलीत घालून जायचं नाही. कारण पीसीआरमध्ये एका नळीतल्या कोट्यवधी प्रती होतात, आणि त्यातला कण जरी दुसऱ्याच्या नळीत गेला तरी निरोगी माणसाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह येऊ शकतो.

आरएनए काढला की त्याचा आधी डीएनए बनवतात आणि मग ठरावीक भाग वाढवतात. तिथली पद्धत पट्टीची होती, तिला लाइन प्रोब म्हणतात. विषाणूच्या सुरुवातीचा एक भाग असा आहे जो फारसा बदलत नाही, म्हणून पीसीआरला तो हमखास सापडतो. पण त्यात जे थोडे फरक असतात ते जीनोटाइपप्रमाणे ठरलेले असतात. वाढवलेल्या प्रतींना बायोटिन चिकटवलेलं असतं. नायट्रोसेल्युलोजच्या अरुंद पट्टीवर वेगवेगळ्या जीनोटाइपशी जुळणारे तुकडे आडव्या रेघांत आधीच बसवलेले असतात. तुमच्या विषाणूच्या प्रती पट्टीवर सोडल्या की त्या जिथे तंतोतंत जुळतात तिथेच धरून राहतात, बाकीच्या धुऊन जातात. मग रंग येणारं रसायन घातलं की जुळलेल्या जागी जांभळट तपकिरी रेघ उठते. कुठल्या कुठल्या रेघा आल्या, त्या तक्त्याशी ताडून पाहायच्या. पट्टी बरोबर चालली की नाही हे दाखवणाऱ्या रेघा वरच्या बाजूला वेगळ्या असतात. त्या आल्या नाहीत तर बाकी काही वाचायचंच नाही.

मैत्रिणीने आदल्या दिवशीच्या पट्ट्या नावं झाकून दाखवल्या. “बघ, ह्या तिन्ही ३ च्या, ही १बी.” मी विचारलं, सुरुवातीच्या त्या भागावरून सगळं कळतं? ती म्हणाली, मुख्य जीनोटाइप बहुतेक वेळा कळतो, पण १ए आणि १बी असे एकाच जीनोटाइपचे उपप्रकार वेगळे करायला किंवा ६ चे काही प्रकार १ समजले जाऊ नयेत म्हणून पट्टीवर विषाणूच्या गाभ्याच्या जनुकाचा भागही ठेवतात. तरीही रेघा तक्त्यात बसल्या नाहीत तर सिक्वेन्सिंग करावं लागतं, म्हणजे त्या भागातलं न्यूक्लिओटाइड एकेक करून वाचायचं. आणि विषाणू रक्तात फारच कमी असेल तर जीनोटाइप निघतच नाही. “तुझा एकवीस लाख आहे ना, मग काळजी नको,” ती म्हणाली. ज्या आकड्याने घरातले हादरले होते, त्याचा तिथे मला दिलासा वाटला.

त्याच दिवशी पुण्यात फायब्रोस्कॅनही करून घेतला. आधी तीन तास उपाशी राहायचं, उताणं झोपायचं, उजवा हात डोक्यामागे. बरगड्यांमध्ये यंत्राचं टोक टेकवून हलके टोले देतात आणि लिव्हर किती कडक झालं आहे ते किलोपास्कलमध्ये येतं. माझं ७.८ आलं. १२.५ च्या वर सिरॉसिस धरतात. घरी येऊन मी एपीआरआय, म्हणजे लिव्हर किती खराब झालं याचा अंदाज देणारा आकडाही काढला. हा तर कुठल्याही छोट्या लॅबच्या दोन साध्या रिपोर्टांवरून निघतो. माझं एसजीओटी, म्हणजे लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं विकर, ६८, आमच्याकडची वरची मर्यादा ४०, म्हणजे भागाकार १.७. त्याला प्लेटलेटने, म्हणजे १८० हजारांच्या १८० ने भागायचं आणि शंभराने गुणायचं. उत्तर ०.९४. दोनच्या वर गेला तर सिरॉसिसची शंका घ्यावी लागते. दोन्ही हिशेब एकमेकांशी जुळले. लिव्हरला इजा झाली होती, पण ते अजून हातात होतं.

रिपोर्ट आला: जीनोटाइप ३, सबटाइप ३ए. जाऊबाईंच्या फोटोतली गोळी माझ्यासाठी नव्हती.

मग डॉक्टरांनी कागदावर दोन रस्ते लिहिले. एक, सोफोस्बुविर आणि रिबाविरिन, २४ आठवडे. दुसरा, सोफोस्बुविर आणि डॅक्लाटास्विर, १२ आठवडे. गाठीमुळे पाळीत रक्त जाऊन जाऊन माझं हिमोग्लोबिन ९.४ वर आलेलं. रिबाविरिन तांबड्या पेशी फोडतं. इंटरफेरॉनवाल्या गृहस्थांचे आकडे माझ्या डोळ्यांसमोरच होते, त्यामुळे तो रस्ता मी डॉक्टरांच्या आधीच मनात खोडला होता. डॅक्लाटास्विरचं भारतीय जेनेरिक तेव्हा नुकतंच बाजारात आलेलं. डॉक्टरांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऍली-३ चाचणीचे आकडे सांगितले: जीनोटाइप ३ च्या रुग्णांना ही जोडी १२ आठवडे दिली, तेव्हा सिरॉसिस नसलेल्यांपैकी ९६ टक्के बरे झाले, सिरॉसिस असलेल्यांपैकी ६३ टक्के. म्हणून जीनोटाइपचा रिपोर्ट एकटा वाचून चालत नाही, त्याच्या शेजारी फायब्रोस्कॅन ठेवावा लागतो. मी विचारलं, सगळ्याच जीनोटाइपवर चालणारं काही नाही का? ते म्हणाले, आहे, सोफोस्बुविर आणि वेलपाटास्विर, त्याला अमेरिकेत जूनमध्येच मान्यता मिळाली, इथे यायला वेळ लागेल, आणि तुमच्यासाठी वाट पाहायची गरज नाही.

सुरू करण्याआधी त्यांनी आणखी दोन गोष्टी तपासल्या. हिपॅटायटिस बी आहे का, कारण सी दाबला गेला की लपलेला बी उसळू शकतो. आणि दुसरी कुठली औषधं चालू आहेत, कारण फिटच्या काही गोळ्या आणि टीबीचं रिफाम्पिसिन हिपॅटायटिस सीच्या औषधांचा परिणाम घालवतात, तर हृदयाच्या ठोक्यांसाठीचं अमिओडारोन सोफोस्बुविरबरोबर धोक्याचं. आयुर्वेदिक काढे चालू आहेत का, हेही विचारलं. सासूबाई मला आवर्जून भुईआवळ्याचा रस देत होत्या. डॉक्टरांनी तो तीन महिने थांबवायला सांगितला, आणि त्यांना वाईट वाटू नये म्हणून स्वतः फोनवर समजावलं.

औषधाच्या दिवसांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. सकाळी जेवण झाल्यावर दोन गोळ्या. सुरुवातीला डोकं दुखलं, थोडी मळमळ. काम चालू ठेवलं. एकही गोळी चुकू नये म्हणून लेकीने मोबाइलमध्ये गजर लावून दिला होता. चौथ्या आठवड्याला आरएनए सापडला नाही, एसजीओटीही खाली आलं. पण निकाल तो नव्हे. औषध संपल्यानंतर १२ आठवड्यांनी जी तपासणी होते ती खरी, कारण परतायचा असेल तर विषाणू बहुधा त्याच काळात परततो. ती २०१७ मध्ये झाली. रिपोर्टवर लिहिलं होतं: आढळला नाही. त्यानंतर गाठीचं ऑपरेशन झालं. ऑपरेशनच्या आधी पुन्हा कार्ड लावलं तेव्हा पुन्हा दोन रेघा, कारण प्रतिपिंडं जन्मभर राहतात. ज्यांचे उपचार झाले आहेत त्यांनी आरएनए निगेटिव्हचा रिपोर्ट जवळ ठेवावा. नाहीतर प्रत्येक दवाखान्यात पहिल्यापासून सगळं सांगत बसावं लागतं.

आज हा रस्ता बराच आखूड झाला आहे. २८ जुलै २०१८ ला राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. सरकारी उपचार केंद्रांत तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. सिरॉसिस नसेल तर सोफोस्बुविर आणि डॅक्लाटास्विर, सिरॉसिस असेल तर सोफोस्बुविर आणि वेलपाटास्विर. या जोड्या सगळ्या जीनोटाइपवर चालतात, म्हणून पहिल्यांदा उपचार घेणाऱ्याला बहुतेक वेळा जीनोटाइपसाठी थांबवलं जात नाही. मला हे फार मोठं पाऊल वाटतं. पुण्याला जाऊन रक्त देणं मला जमलं. पण आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी बायकांना तालुक्याला जायलाही कोणाची तरी सोबत लागते, आणि दर वाढीव तपासणीला त्यातल्या काहीजणी गळतात. आता कोणाचं कार्ड पॉझिटिव्ह आलं की मी त्यांना सरळ सिव्हिलचा रस्ता सांगते. जीनोटाइप करून मगच जा, असं सांगत नाही.

पण तो जुना कागद फेकूनही देऊ नका म्हणते. आमच्याकडे डायलिसिसवरचे एक काका तपासायला येतात. त्यांनी एका खाजगी डॉक्टरांच्या सांगण्यावरून आधी जीनोटाइप केला होता, १बी. सरकारी गोळ्यांनी ते बरे झाले, बारा आठवड्यांचा रिपोर्टही निगेटिव्ह होता. मग काही काळाने लिव्हरचे आकडे वाढले आणि आरएनए पुन्हा पॉझिटिव्ह आला. काका खचून गेले, “ताई, औषध फुकट गेलं माझं,” म्हणाले. औषधाने साथ सोडली असती तर पुढचा उपचार वेगळा असतो, रिबाविरिन जोडून २४ आठवड्यांचा, आणि डायलिसिसच्या रुग्णाला रिबाविरिन देणं अवघड. उपचार केंद्राच्या डॉक्टरांनी नव्याने जीनोटाइप मागवला. नमुना मीच घेतला, प्लाझ्मा वेगळा करून गोठवला, आणि काकांचा मुलगा तो डबा गाडीतून स्वतः घेऊन गेला. रिपोर्ट आला ३ए.

जुना १बी आणि नवा ३ए. म्हणजे जुना विषाणू परतला नव्हता, ही नवी लागण होती. दोन्ही वेळा एकच जीनोटाइप आला असता तर हे इतक्या सहज सांगता आलं नसतं, सिक्वेन्स ताडून बघावे लागले असते. काकांचं पहिलं औषध फुकट गेलं नव्हतं. त्यांना नव्या रुग्णासारखीच रिबाविरिनशिवाय १२ आठवड्यांची गोळी सुरू झाली. आणि लागण नवी आहे म्हटल्यावर ती आली कुठून हे शोधणं आलं. डॉक्टरांनी डायलिसिस केंद्राला कळवलं, आणि तिथल्या बाकीच्या सगळ्या रुग्णांची तपासणी करायचं ठरलं. डायलिसिसच्या रुग्णांत प्रतिपिंडं उशिरा तयार होतात, कधी होतही नाहीत, म्हणून नुसत्या कार्डावर न थांबता सगळ्यांचे नमुने आरएनएसाठी गेले.